कवितेतली मेंढरं

सोनपेठजवळच्या धनगराचा भुजंग इंग्रजी साहित्यात एम.ए. करायला औरंगाबादला गेला. नामांतराच्या आंदोलनात वर्ग बंद पडले, तसा इंग्रजी कवितांचं पुस्तक घेऊन परत मेंढरांमागं आला. बाभळीखाली वाचता वाचता समोरचं माळरान हिरवंगार व्हायचं, अंगावर गळणारी पिवळी फुलंही त्याला विलायतेची वाटायची.

भाकर घेऊन आलेल्या मायनं, भिवराबाईनं, विचारलं, "काय लिवलंय रं त्यात?"

"आपल्यावानी धनगर हाय, माय. झाडाखाली बसून दिवसभर पावा वाजवायलाय."

"बसून? तुझा बाप जलमभर काठीला टेकून उभा ऱ्हायला! मग ह्या पावावाल्याच्या मेंढरांकडं कोन बघायलाय?"

हा प्रश्न एकाही प्राध्यापकाला पडला नव्हता. भुजंग खुशीत हसला, मान वर केली.

त्याची सगळी मेंढरं माळाखालच्या शेतात, दिनकररावांच्या उभ्या ज्वारीत होती.