पहिल्या चहाला ऑर्डर काढायची नाही

माझं लग्न जमता जमता राहिलं ते दोन एक्क्यांमुळे. असं सांगितलं की लोक विचारतात, जुगारात घालवलंस का? जुगार कसला डोंबलाचा! पैसे लावायचे खेळ बंद झाल्यापासून मोबाईलवरच्या पोकरात नुसत्या फुकटच्या चिप्स मिळतात. रोज सकाळी हजार. त्या हरलो तरी घरचं मीठसुद्धा कमी होत नाही. तरी मी हरलो की माझं डोकं फिरायचं, आणि जिंकलो की जास्तच फिरायचं.

जिंकल्यावर का, ते सांगतो. या खेळात प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मग मधे पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडतात, आणि दर टप्प्याला चिप्स लावायच्या, नाहीतर पानं टाकून निघून जायचं. दोन एक्के म्हणजे सुरुवातीचा सगळ्यात भारी हात. मला ते आले की दम निघत नसे. सगळ्या चिप्स एकदम पुढं. समोरचे तिघं लगेच पानं टाकून मोकळे, आणि माझ्या पदरात तीस चिप्स. एवढं सोनं हातात येऊन भाव भंगाराचा.

एकदा हे माझ्या मामानं पाहिलं. मामा घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करतो. चाळीस वर्षं रुमालाखाली बोटं दाबून म्हशींचे सौदे केलेला माणूस. चष्मा नाकावर घेऊन त्यानं मला दोन-चार प्रश्न विचारले, खेळ समजून घेतला आणि म्हणाला, "येडा हायेस का? चांगली म्हैस दारात आली की तू गावभर बोंबलतोस. गिऱ्हाईक पळंल न्हाई तर काय करंल?"

पुढच्या वेळी एक्के आल्यावर मोबाईल त्यानं घेतला. आधी वीसच लावले. बाकीच्यांनी पानं टाकली, वाघाचा फोटो लावलेला एक गडी खेळात थांबला. मग पन्नास. वाघ थांबला. मग मामा बराच वेळ काहीच करेना, खेळीची वेळ संपत आली तेव्हा दीडशे लावले. "त्याला वाटलं पायजे, म्हातारं घाबरलंय." शेवटी वाघानंच सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या आणि उघडा पडला. मामानं विचारलं, "ह्यो वाघ कुठल्या गावचा?" मी म्हटलं, माहीत नाही. "कुठला का असंना," मामा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची." त्या दिवसापासून मी मामाला गुरू मानलं. इथंच माझं चुकलं.

कारण मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अकरा ठिकाणी पोहे खाऊन झाले होते आणि अकरा ठिकाणांहून "कळवतो" आलं होतं. कुणाचंच कळलं नाही. मला मनापासून लग्न करायचं होतं. एकट्यानं जेवायचा कंटाळा आला होता, यात लाजायचं काय?

आणि तेवढ्यात शेती करता करता केलेल्या स्पर्धा परीक्षेच्या सात वर्षांच्या अभ्यासाला फळ आलं. सरकारी लिपिकाची ऑर्डर हातात पडली. त्याच आठवड्यात शेवगावकडचं एक स्थळ बघायला जायचं ठरलेलं होतं. मी ऑर्डरची झेरॉक्स घडी करून शर्टाच्या खिशात घातली. मामा म्हणाला, "एक्के हायेत तुझ्याकडं. पहिल्या चहाला ऑर्डर काढायची न्हाई. पोह्याला जरा इशारा द्यायचा. उठताना पुरी दाखवायची. तवर त्यांचा जीव गुतलेला असंल."

गेलो. बैठकीत बसलो आणि मामाचा चेहराच बदलला. समोर मुलीचा मामा बसला होता, आणि तोही घोडेगावच्या बाजारातला दलाल निघाला. दोघांनी रामराम केला आणि दोघांचेही हात आपोआप खांद्यावरच्या रुमालाकडं गेले.

चहा आला. माझा मामा म्हणाला, "पोरगं आपलं बरं हाय. शेतात असतंय."

समोरचा म्हणाला, "पोरगी बी बरीच हाय. घरी असती."

मामाला हे फार झोंबलं. समोरच्यानं माल झाकलाय, हे त्यानं ओळखलं होतं. "पोराला जरा इसर पडतो," तो म्हणाला.

"पोरीचा सयपाक काय खास न्हाई."

"घोरतंय."

"रागीट हाय."

"ल्हानपणी ह्याला कुत्रं चावलं हुतं."

माझी आई माझ्याकडं बघायला लागली, मुलीची आई मुलीकडं. मला खरंच कुत्रं चावलं होतं, पण ते सांगायची ही जागा होती का? पोहे आले, पोहे संपले. इशारा काही कुणी दिला नाही. दोन्ही मामा बशीतल्या उरलेल्या शेंगदाण्याकडं बघत बसले.

मग आम्हा दोघांना बोलायला परसात पाठवलं. तिथं शेवग्याखाली ती हसायलाच लागली. "कुत्रं कुठं चावलं होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पोटरीला. मग मीही हसलो. ती मला आवडली, उगाच लपवत नाही. अकरा ठिकाणी मला कुणी हसून काही विचारलं नव्हतं.

"तुम्ही करता काय?" ती म्हणाली.

"शेतीच बघतो."

"मीही घरीच असते." थोडं थांबून तिनं विचारलं, "सारखा हात लावताय, खिशात काय आहे?"

मी म्हटलं, "काही नाही."

उठायची वेळ झाली. मी मामाकडं पाहिलं, त्यानं डोळ्यानंच 'थांब' म्हटलं. आधी समोरच्यानं काहीतरी बोलावं, या हट्टावर तो उंबऱ्यापर्यंत आला, चपला घातल्या, गाडीत बसला. गाडी निघाली. खिशातली झेरॉक्स घामानं ओली झाली होती. दोन दिवसांनी "कळवतो" आलं. आता तरी ऑर्डरचं सांगू का, विचारलं तर मामा म्हणाला, "आपण हून सांगितलं तर भाव पडंल."

तेव्हा मला कळलं की पोकरात मामा दर खेपेला काहीतरी लावत होता. वीस, पन्नास, दीडशे. नुसता गप्प कधीच बसला नव्हता. कुणीच काही लावलं नाही तर भारी हाताला मिळायचं काय?

दीड महिन्यानं रुजू होण्यासाठी मूळ कागदपत्रं घेऊन नगरला बोलावलं. भरतीत निवडलेली जिल्ह्याची सगळी पोरं-पोरी एका हॉलमध्ये रांगेत उभी होती. माझ्या पुढं दोन माणसं सोडून ती होती. हातात माझ्यासारखीच प्लास्टिकची फाईल. तिनं मागं वळून पाहिलं, मग माझ्या फाईलकडं पाहिलं.

"खिशात हेच होतं?"

मी मान हलवली. "आणि तुमचं?"

"कपाटात होतं. मामा म्हणाला होता, आधी पोराकडनं काय निघतंय ते बघू."

मला एवढा आनंद झाला की मी रांग सोडून पुढं गेलो. या वेळी मात्र मी थांबायचं नाही असं ठरवलं होतं. मी म्हटलं, घोरतो हे खोटं आहे, विसर पडतो हेही खोटं आहे, कुत्र्याचं तेवढं खरं आहे, आणि तुम्ही मला फार आवडला होता. मागचा माणूस म्हणाला, रांगेत या.

तिनं फाईल दुसऱ्या हातात घेतली. तळहातावरची मेंदी अजून ओळखू येत होती.

"मागच्या आठवड्यात साखरपुडा झाला," ती म्हणाली. "त्यांनी चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच ऑर्डर दाखवली."

"सरकारी?" मी विचारलं.

"नाही. अकरा महिन्यांची, कंत्राटी."