बेल वाजल्यावर आजोबा

आमच्या घुमीला बोलता येत नाही असं नाही, पण तिच्याकडून एक वाक्य काढायचं म्हणजे खोल विहिरीतून बादली ओढायची. घुमी म्हणजे माझी नणंद. आईवडिलांनी नाव चांगलं ठेवलंय, पण घुमी म्हटल्याशिवाय ती मान वळवत नाही. मी नेमकी उलटी. मला गप्प करायला भूलच द्यावी लागेल, असं आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात. मी तिथे रिसेप्शनला असते.

घुमीची सगळी उमेदीची वर्षं एका कार्टूनच्या स्टुडिओत पार्श्वभूमी रंगवण्यात गेली. पात्रांच्या मागे जे दिसतं ते सगळं तिचं: भिंती, झाडं, आभाळ. तिच्या झाडाखाली ससा उड्या मारायचा, पण ससा दुसऱ्याच कुणाचा तरी. टीव्हीवर लागलं की मी शेजारणीला कौतुकाने दाखवायचे, "ते मागचं गवत बघा, आमच्या घुमीचं आहे." शेजारीण बिचारी ससा सोडून गवत बघत बसायची.

मग एक दिवस तिच्या मॅडमनी बोलावून सांगितलं, आता पार्श्वभूमीचं काम बंद, ते सगळं तयार मिळतं. पात्रं हलवायला शिका, चाचणी म्हणून एक तुकडा करून दाखवा. जमलं तर जागा पक्की. नाही जमलं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत आणि हिनेही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? चाळिशीला आलेल्या बाईला कोण नवं काम देणार, आणि रंगवण्याशिवाय तिला दुसरं येत तरी काय होतं! तिचा दादा, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "होईल गं." यांचं सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध.

तुकडा म्हणाल तर एवढासा. एक आजोबा खुर्चीत बसलेत, दाराची बेल वाजते, ते उठतात आणि दारापर्यंत जातात. बस.

घुमी घरच्या कॉम्प्युटरवर कामाला लागली. तो आमच्या लग्नाच्या वेळचा. तो सुरू होईपर्यंत माणसाची आंघोळ आटोपते. रोज संध्याकाळी ही त्याच्यापुढे. आजोबा रेंगाळले की थोडे पळवायची, परत बघायची, परत पळवायची. शेवटी एकदा आम्हाला दाखवलं, आणि खरं सांगते, छान उठत होते हो! मी म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी स्टुडिओत तो तुकडा लावला, आणि आजोबा खुर्चीतून ताडकन उडाले ते थेट दारावर. सगळी खोली खो खो हसली. मॅडम म्हणाल्या, "आजोबांना विंचू चावला का हो?"

झालं होतं असं, की आमचा कॉम्प्युटर सगळं अडखळत, दमत दाखवायचा. त्यावर बरं दिसेपर्यंत ही वेग वाढवत बसली होती. तिथल्या धडधाकट मशीनवर खरा वेग कळला. आधी कामाचा छोटा व्हिडिओ काढायचा, तो जुन्या मशीनवरही खऱ्या वेगानेच चालतो, आणि तो बघून वेळ ठरवायची, हे तिथल्या काल आलेल्या पोरांनाही ठाऊक. पण हिची झाडं कधी हललीच नव्हती, मग हिला कुठून कळणार? मॅडमनी सोमवारपर्यंत मुदत दिली. ही शेवटची, असंही बजावलं.

घरी आली ती न जेवता मशीनपुढे बसली. व्हिडिओ काढून बघायचं शहाणपण आलं होतं, पण भीतीच्या पोटी तिने सगळंच सारखं ताणलं. आजोबा सावकाश झाले खरे, पण डोकं, हात, कंबर, पाय, सगळं एकदमच निघायचं आणि एकदमच थांबायचं. मी म्हटलं, "घुमे, हा माणूस उठतोय की उगवतोय?"

बोलून गेले आणि जीभ चावली. तिचे डोळे भरले होते. "वहिनी, मला नाही जमणार," ती म्हणाली. मला तिचा राग आला, मॅडमचा आला, आणि त्या मेल्या आजोबांचा तर सगळ्यात जास्त आला. "रडायचं ते नंतर रड," मी म्हटलं. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. तिथे दिवसभर माणसं खुर्चीत बसतात नि उठतात. बघ जरा."

ती आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून टक लावून बघत राहिली. दुपारी डॉक्टर स्वतः बाहेर येऊन तिला म्हणाले, "तुम्ही सकाळपासून बसलाय, काय त्रास होतोय?" मला हसू आवरेना. परत जाताना मात्र घुमी आपणहून बोलायला लागली. "वहिनी, कोणी नुसतं वर उठतच नाही गं. आधी नजर जाते. मग पाय खुर्चीखाली येतात. मग अंग पुढे झुकतं, आणि त्यानंतर बूड सुटतं. उभं राहिलं तरी लगेच चालत नाहीत, आधी तोल सापडू देतात. अंगाच्या प्रत्येक भागाची निघायची वेळ वेगळी आणि पोचायची वेगळी." मी ही माणसं रोज बघते, पण मला कधी यातलं काही दिसलं नव्हतं.

शनिवारभर ती मोबाइलचं स्टॉपवॉच हातात धरून घरात उठबस करत होती, वर तोंडाने आवाज: "हंऽऽ... अं... हप्प!" खालच्या मजल्यावरची बाई विचारून गेली, कुणाला बरं नाही का. आजोबांना आता वजन आलं होतं, तरी हिच्या मनासारखं होईना. घोडं कुठे पेंड खात होतं तेही तिला कळत होतं. बेल वाजली की आजोबा लगेच हलायचे, ते तिला खुपत होतं. पण मध्ये थांबवायचा धीर नव्हता. म्हणे, "काहीच हललं नाही तर लोकांना वाटेल, बंद पडलं."

रविवारी दुपारी आमच्याच दाराची बेल वाजली. माझे हात भांड्यांच्या साबणात बुडालेले. हे पेपर वाचत होते. पेपर खाली आला, यांनी दाराकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे बघितलं, आणि तसेच बसून राहिले. माझं डोकंच फिरलं. "बेल काय मला एकटीलाच ऐकू येते या घरात?" तेव्हा कुठे स्वारीने पाय ओढले.

"दादा, थांब! परत कर!" घुमी ओरडली. घुमी, आणि ओरडली! हे दचकून खाली बसले. दाराबाहेर माणूस ताटकळतोय आणि ही भावाकडून उठाबशा काढून घेतेय. यांना काही ते परत जमलं नाही, सांगून केलं की खोटंच होतं. पण तिला हवं ते एकदा बघायला मिळालं होतं. ती कॉम्प्युटरकडे गेली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

सोमवारी मी दवाखान्यात होते, पण जीव सगळा फोनमध्ये. दुपारी तो वाजला. घुमीचा नंबर, आणि पलीकडे शांतता.

"बोल की गं बये!" मी इतक्या जोरात ओरडले की सगळे पेशंट बघायला लागले.

मग ती बोलली, आणि चक्क सलग बोलली. मॅडमनी तुकडा लावला. बेल वाजली. आजोबांनी दाराकडे पाहिलं, मग आतल्या खोलीकडे पाहिलं, आणि थांबले. नुसते थांबले. कोणी हसलं नाही. मग त्यांनी पाय ओढले, झुकले, उठले आणि दाराकडे गेले. मॅडमनी परत एकदा लावून बघितला. मग विचारलं, "यांच्या घरात दुसरं कुणी नाही का?" गोष्टीत तसं काही लिहिलेलं नव्हतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आता नाही."

यांची ती स्वयंपाकघराकडची नजर मला आठवली. "अगं पण जागेचं काय?"

"ती झाली ना पक्की. ते आधी सांगायचं होतं का?"

माझा जीव भांड्यात पडला. असा पडला की मी काउंटरवर डोकं टेकून भरल्या दवाखान्यात रडायला लागले. समोरच्या बाई घाबरल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "घरचं कुणी गेलं का हो?"

"नाही हो," मी नाक पुसत म्हटलं, "राहिली. आमची घुमी राहिली."