शेवटच्या घरासमोरचा टँकर

त्या हिवाळ्यात उत्तरेच्या बर्फाळ टोकाच्या सियुराक गावात अशी कुजबुज होती, की विधवा मियालियाचं आणि टँकरवाल्या जायपूटीचं काहीतरी जमलंय. पुरावा काय, तर टँकर रोज संध्याकाळी तिच्या घरासमोर उभा. दिवे बंद, इंजिन चालू, आणि जायपूटीचं डोकंसुद्धा काचेतून दिसत नाही. दुकानात पिठाच्या पोत्यांपाशी उभ्या राहणाऱ्या बायकांना एवढं पुष्कळ झालं.

"या वयात?" एकीने डोळे मोठे केले.

"वयाचं काय घेऊन बसलीस! टाकी तर रोज भरून मिळते ना," दुसरी म्हणाली.

हे मियालियाच्या कानावर गेलं तेव्हा पहिल्या भागाचं तिला फारसं वाईट वाटलं नाही. घरी जाऊन आरशात एकदा बघूनही आली म्हणतात. पण टाकीचं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण टाकी कोरडी ठणठणीत होती.

गोठलेल्या जमिनीत नळ घालता येत नाहीत, तेव्हा तळ्यावरून टँकर भरायचा आणि घरोघरच्या टाक्यांत पाणी सोडायचं, हीच इथली रीत. टँकर गावच्या कचेरीपासून निघे. पहिलं घर मेयर ईलायचं, मग त्याच्या भावाचं, मग शाळा, दवाखाना, असं करत करत समुद्राकडच्या टोकाला मियालियाचं. तिथवर पोचेपर्यंत टँकर रिकामा. रिकामा तर रिकामा, पण यायचा मात्र रोज, कारण रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फाचे ढीग आणि एवढं धूड वळवायला जागा एकच, मियालियाच्या दारापुढची. पाणी संपलं की घराबाहेर लाल दिवा लागतो. हिचा दिवा इतका कायमचा लागलेला असे, की समुद्रावरच्या बर्फातून परतणारे शिकारी त्याच्यावर नजर ठेवून घरी येत.

"जायपूटी, आज तरी?" ती दारातून ओरडायची.

"संपलं, मावशी. उद्या पहिला नंबर तुझा."

"कालही हेच म्हणाला होतास."

"मग? कालही उद्याच म्हणालो होतो. मी शब्द फिरवतो का कधी?"

इतके दिवस ती बर्फ वितळवून भागवत होती. चहाला तर तिला तळ्याचा बर्फच लागे. टाकीच्या पाण्याच्या चहाला ती गंजाचा काढा म्हणायची. पण आता तिची लेक लूती येणार होती. गावात बाळंतपणाची सोय नाही, म्हणून सगळ्यांसारखी तीही महिनाभर आधी दक्षिणेच्या इस्पितळात जाऊन पडली होती. मुलगा झाला. त्याला मियालियाच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव दिलं, आकिशू. इथे नाव ज्याचं, नातंही त्याचंच. म्हणजे ते पोर आता मियालियाचा नवराच झालं. "गुरुवारच्या विमानाने आमचे हे येतायत," असं ती गावभर सांगत सुटली होती.

सोमवारी लूतीचा फोन आला.

"आई, खरं सांग, टाकीत पाणी आहे?"

"येईल गं."

"येईल नको, आहे का ते सांग. याच्या अंगावर पुरळ उठलंय. नर्स म्हणते रोज अंघोळ घाला, कपडे रोज धुवा. पाणी नसेल तर मी उतरतच नाही. विमान पुढे आमच्या सासरच्याच गावाला जातं, मी तशीच जाईन."

"मी बर्फ वितळवीन की."

"लंगोट धुण्याइतका? किटलीत?"

मियालियाने किटलीकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "त्यांना फोन दे."

लूतीने फोन बाळाच्या तोंडाशी धरला. "अहो, ऐकताय का? लेकीला जरा समजावा. तुमचंच घर आहे," मियालिया म्हणाली. पलीकडून भोकाड ऐकू आलं. "बघ, तेही चिडलेत. तू उतर गुरुवारी. पाणी असेल."

बोलून तर बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेली.

कचेरीत तेव्हा ब्रेडन नावाचा तज्ज्ञ मुक्कामाला होता. उत्तरेकडच्या लहान गावांच्या सोयी सुधारायला सरकार दर हिवाळ्यात असा एक पाठवतं. आधीच्याने रस्ते मोजले, त्याच्या आधीच्याने माणसं किती समाधानी आहेत ते विचारलं. या ब्रेडनने टँकरला एक यंत्र लावलं होतं. टँकर कुठे जातो, किती वेळ थांबतो, सगळं पडद्यावर दिसायचं. पोरगा वाईट नव्हता, फक्त पडद्यावरून नजर काढत नसे.

"बाई, तुम्ही तक्रार करताय?" तो चकितच झाला. "अख्ख्या गावात सर्वांत जास्त सेवा तुम्हाला मिळते. हा बघा ठिपका. टँकर तुमच्याकडे थांबतो तितका कुणाकडेच थांबत नाही."

"तो रिकामा असतो."

"भरलेला की रिकामा हे यंत्राला कळत नाही. यंत्र थांबा नोंदवतं."

"मग बाळाला त्या थांब्यांनी अंघोळ घालू?"

मेयर ईलाय कोपऱ्यात वाळवलेलं मांस चघळत होता. तो खुदकन हसला. "मियालिया, तो पाण्यासाठीच थांबतो का, ते आधी तूच सांग बाई."

"ईलाय, तुझं नाक लहानपणी मी पुसायचे. अजून कुणीतरी पुसायला हवंय."

पण कामाचं काही झालं नाही. उलट त्याच दुपारी ब्रेडन गावाच्या रेडिओवर बोलला. शेवटच्या घराला जादा सेवा मिळते असं आढळून आलं आहे, ती कमी करून इतरांत वाटण्याची शिफारस आपण करत आहोत, असं त्याने गोड आवाजात सांगितलं. झालं! कुजबुजीवर सरकारी शिक्का बसला. जायपूटीची बायको नायोमी दुकानात आली तेव्हा बायका इतक्या पटकन पिठाच्या भावावर बोलू लागल्या, की तिला सगळं समजलं.

बुधवारी संध्याकाळी मियालियाने नवऱ्याची जुनी बर्फगाडी काढली. तिला जोडून तेलाची रिकामी पिंपं लादलेली लाकडी घसरगाडी ओढत आणली आणि टँकर वळतो त्या जागेवर आडवी लावली. मग थर्मास घेऊन वर बसली.

टँकर आला.

"मावशी, बाजूला घे. वळायचंय."

"वळ की."

"कुठे वळू?"

"यंत्राला विचार. त्याला सगळं माहीत असतं."

जायपूटीने मागे घ्यायला बघितलं आणि मागचं चाक बर्फाच्या ढिगात रुतलं. तेवढ्यात त्याच्या मागून मैला उपसणारी गाडी येऊन ठेपली. तिलाही वळायला हीच जागा. रस्ता गच्च बंद. मैल्याच्या टाक्या तुंबल्या की घरातलं पाणीही आपोआप थांबतं, तेव्हा ज्यांच्याकडे पाणी होतं त्यांचंही बंद पडायला लागलं. रेडिओवर फोनवर फोन. एकजण म्हणे माझ्या डोक्याला साबण आहे. एकीच्या घरी पाहुणे आणि संडास बंद.

ईलाय धापा टाकत आला. मागे निम्मं गाव.

"हा काय तमाशा, मियालिया?"

"तमाशा कसला? पडद्यावर बघ जा. माझ्या दारी आज दोन दोन गाड्या थांबल्यात. सेवाच सेवा!"

लोक हसले. ब्रेडनला विनोद कळला नाही, तरी तोही हसला.

"हवंय काय तुला?"

"भरलेला टँकर आधी सरळ माझ्याकडे आणा. इथे वळवा, मला द्या, आणि परत जाताना एकेकाला देत जा. रस्ता तोच, टँकर तोच."

ईलायने मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "मग माझं घर शेवटी येईल."

"येईल."

"आणि पाणी संपलं तर?"

"तर उद्या पहिला नंबर तुझा."

यावर असा हशा उठला की ईलायला 'नाही' म्हणायची सोयच राहिली नाही. जायपूटी तेवढा हळूच म्हणाला, "माझी हरकत नाही. पण संध्याकाळची शेवटची फेरी इथेच संपू दे." बायकांनी एकमेकींना कोपरं मारली. नायोमी पाठ फिरवून निघून गेली.

गुरुवारी सकाळी भरलेला टँकर गावातून न थांबता गेला. मियालियाच्या टाकीला नळी लागली आणि लाल दिवा विझला. दुपारी विमान उतरलं. लूती त्याच्या दारात उभी राहून खाली पाय टाकेना.

"पाणी?"

"काठोकाठ! उतर!"

ती उतरली. तासाभरात पोर कोमट पाण्यात होतं आणि आजी बाह्या सरसावून त्याला दटावत होती. "अहो, लाथा काय मारताय? मेलात तरी अंघोळीचा कंटाळा काही गेला नाही तुमचा!"

यंत्र बसवल्यामुळे शेवटच्या घराची तक्रार दूर झाली, असं ब्रेडनने अहवालात लिहिलं आणि दुसऱ्या गावी यंत्र लावायला गेला. ईलायच्या घरावर आता लाल दिवा असतो, आणि तो रोज कचेरीत जाऊन स्वतःकडेच तक्रार करतो. कुजबुज मात्र थांबली नाही, कारण संध्याकाळी टँकर अजून तिथेच उभा राहायचा. जायपूटीने कधी खुलासा केला नाही. खऱ्या कारणापेक्षा अफवा त्याला परवडत होती.

गावाच्या रेडिओवर रोज संध्याकाळी आकडे पुकारून होणारा तंबोला खेळायला नायोमीने त्याला बंदी केली होती. तो मियालियाच्या घरासमोर टँकर उभा करून, मांडीवरच्या तिकिटांवर विजेरी धरून, खाली वाकून, रोज तंबोला खेळत असे.