टिकलीभर अंधार

आमच्या लॅबमध्ये काचा रोज पुसल्या जातात, किस्से मात्र कुणी पुसत नाही. म्हणून ते साठत गेले. मी मूळची अमरावतीची, नोकरी अकोल्यातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्र विभागात. विभागप्रमुख वानखडे सर, लॅब सांभाळणारे गजाननभाऊ आणि मी, एवढाच आमचा कारभार. पानावरची लव, परागकण असल्या बारीक गोष्टींचे मायक्रोस्कोपमधून फोटो काढायचं आम्हाला वेड.

पहिल्याच आठवड्यात मी तुळशीचं पान ठेवलं आणि दिवा फुल केला. सगळं पांढरंफटक!

सर म्हणाले, "मॅडम, पानाची झडती घेऊन राहिल्या काय? उजेड नुसता कमी नका करू, मऊ करा."

मग त्यांनी दिव्यावर बटर पेपर लावायला शिकवलं. तो पेपर गजाननभाऊंनी मिठाईच्या तुपकट डब्यातून काढलेला. संत्र्याच्या पानाच्या फोटोत एक पिवळसर गोल डाग आला. त्या पानात तेलाच्या ग्रंथी असतातच, म्हणून मी खुशाल बाण काढून 'तेलग्रंथी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या पानातही तीच सापडली.

सरांनी शांतपणे विचारलं, "ज्वारीवर संत्र्याचं कलम केलं काय?"

* * *

एकदा सर म्हणाले, "आज डार्क फील्ड करू."

गजाननभाऊ अकोटकडचे, घरची शेती. ते म्हणाले, "वावर तं काळंच असते सर, त्याले अजून काय करा लागते?"

सरांनी समजावलं. मधला उजेड अडवायचा, कडेकडेनं येईल तेवढाच येऊ द्यायचा. मग मागचं सगळं काळं होतं आणि लव उजळते. अडवायला काहीतरी लहान, गोल हवं होतं. भाऊंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं.

"मॅडम, काळी टिकली हाय काय एखादी?"

पर्समधली टिकली काचेच्या चकतीवर मधोमध चिकटवली आणि चकती खालून, दिव्याच्या वाटेत सरकवली. सगळीकडे अंधार, आणि त्यात पानावरचा एकेक केस आपापल्या उजेडात उभा. सर आणि मी आळीपाळीनं बघत बसलो. तास संपल्याची घंटा झाली ते कुणाला कळलंच नाही.

पुढे त्या पद्धतीचं नावच 'टिकली लावणे' पडलं. एकदा प्राचार्य दारात आले तेव्हा सर मला म्हणत होते, "मॅडम, टिकली लावली काय? नाई तं मी लावून देतो."

प्राचार्य आल्या पावली परत गेले.

* * *

काही वर्षांनी सरांच्या उजव्या डोळ्याची नजर गेली. डावाही फार दिवस टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सरांना एकच बघायचं होतं. कपाशीचं फूल उमलतं त्याच दिवशी आतल्या कोवळ्या बीवर कापसाचा पहिला केस उगवायला लागतो, तो.

"जन्मभर शिकवला, पण मनासारखा पाह्यला नाई," ते म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी होतं, मग उशीर झालेला असतो. एकदा भाऊंनी घाईत घरच्या वावरातून तसलंच गुलाबी आणलं. एकदा एसटी रस्त्यात बंद पडली आणि फूल रुमालात कोमेजलं. तिसऱ्यांदा मात्र ते सकाळी दहालाच ताजं, पिवळट फूल घेऊन हजर झाले.

मी आतली इवली बोंडी उघडली, एक बी मायक्रोस्कोपखाली काळ्या कागदावर ठेवली आणि टॉर्च अगदी आडवा धरला, सकाळचं ऊन वावरावर येतं तसा. सर डोळा लावून बसले. फार वेळ बसले. मला वाटलं, मिळालं त्यांना.

मग ते हळूच म्हणाले, "मले नुसता उजेड दिसून राहिला, मॅडम."

मी टॉर्च तसाच आडवा धरून ठेवला. सर उठले.

"गजानन, तू बस. तुया वावरातली बी हाय. पाह्य अन् मले सांग."

इतकी वर्षं भाऊंनी मायक्रोस्कोपच्या काचा पुसल्या होत्या, आत कधी पाहिलं नव्हतं. ते बसले.

"सर, बीवर बारीक बारीक टेंगळं हायेत. एकाच अंगानं चमकून राहिली."

"हां. सगळी सारखी?"

"नाई. काही जराशी वर उठली. उगवून राहिली, सर."

"अन् आता?"

भाऊंनी डोळा आणखी जवळ नेला. मग म्हणाले, "आता सगळं धुकट झालं. फोकस गेला वाटते."

सरांनी चाचपत त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फोकस बराबर हाय, गजानन. डोळे पूस."