सोनबा आबांची गाठ आणि कुंडलिकच्या कॅमेऱ्याचा पट्टा

सोनबा आबा कॅमेऱ्यामागून चालायचे. त्यांचा मुलगा कुंडलिक लग्नाचे फोटो काढायला सणसरला जावो नाहीतर बारशाचे काढायला बेलवाडीला, त्याच्यामागे दहा पावलांवर आबा असायचेच. अंगात पांढरी बंडी, डोक्याला लाल पटका, हातात काठी. लग्नघरातले लोक विचारायचे, "फोटोवाल्याबरोबर हे म्हातारं कोण?" कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आबांना काही वाटायचं नाही. ते मांडवाच्या कडेला उकिडवे बसायचे आणि कॅमेरा जिकडे जाईल तिकडे मान फिरवायचे.

त्यांचंही बरोबर होतं. जन्मभर मेंढरांमागून चाललेला माणूस, आणि मेंढरांचाच तर कॅमेरा झाला होता. आमच्या लासुर्ण्याच्या आसपासची चराई उसानं खाल्ली, कळप कमी कमी होत अकरा मेंढरांवर आला. कुंडलिक तोवर बारामतीत एका स्टुडिओत तीन वर्षं मान मोडून काम शिकला होता. त्र्याण्णव साली आबांनी ती शेवटची अकरा मेंढरं बाजारात नेली आणि मुलाला जुना जपानी कॅमेरा घेऊन दिला. सगळ्या घराचं पोट त्या एका कॅमेऱ्यावर आलं. दारात राहिली फक्त एक शेळी.

मी अनिता. लासुर्ण्याच्या स्टँडवर माझं शिवणाचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून कुंडलिकचा स्टुडिओ. मी कऱ्हाटीच्या माळ्याची लेक, लग्न होऊन इकडे आले. तोंडानं फटकळ आहे असं लोक म्हणतात, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

पंचाण्णवच्या लग्नसराईत कॅमेऱ्याचा मूळचा पट्टा तुटला. रेक्झिनचा पट्टा, उन्हानं तडे गेलेला. किती दिवस सांगत होते त्याला, पण ऐकेल तर तो कुंडलिक कसला! बेलवाडीच्या एका लग्नात पंगतीचा फोटो काढायला वाकला आणि तटकन पट्टा तुटून कॅमेरा खाली गेला, तो नेमका आचाऱ्याच्या बुंदीच्या पाटीत. नशीब बुंदी कोरडी होती. आठ दिवस त्या कॅमेऱ्याला मुंग्या येत होत्या, बाकी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्या दुकानाच्या पायरीवर उभे.

"ताई, पट्टा करून द्या," कुंडलिक म्हणाला. "असा की म्हस जरी बांधली तरी तुटाय नगं."

"म्हशीचे फोटो काढतोस का आता?" मी म्हटलं, पण काम घेतलं. शाळेच्या दप्तराला लावतात ती रुंद नायलॉनची पट्टी बारामतीहून आणवली. मानेवर येते तिथं आबांनी आपल्या घोंगडीचा तुकडा कापून दिला. ती टोचते म्हणून मी वरून जुन्या मखमलीचं कव्हर घातलं. पट्टीची टोकं काडी पेटवून भाजली, म्हणजे दशा निघत नाहीत. घडी घातली की तिथं चौकोन शिवायचा आणि चौकोनात फुली. दोन सुया मोडल्या माझ्या, पण शिलाई अशी बसली की मलाच माझं कौतुक वाटलं.

अडचण एकच होती. कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना कानातल्या बाळ्यांएवढ्या दोन कड्या असतात, त्यातून ही रुंद पट्टी जाईना. तेव्हा पट्टीच्या दोन्ही टोकांच्या घडीत एकेक बारीक दोरी शिवायची आणि ती दोरी कडीला बांधायची असं ठरलं. आबा म्हणाले, "दोरी म्या आणतो, आन बांधतो बी म्याच." भिगवणच्या मासेमारांकडची जाळ्याची नायलॉन दोरी त्यांनी आणली. मी ती घडीत शिवून दिली आणि आबांनी कडीला गाठी मारल्या. मी बघितलंसुद्धा नाही. गाठ मारणं हे आबांचं काम, आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

त्यांनी सुरगाठ मारली होती. मेंढराला, शेळीला, घोड्यावरच्या ओझ्याला, धनगराच्या हातातून दुसरी गाठ निघतच नाही. रात्री रानात जनावर दोरीत गुरफटलं, गळ्याला फास बसला, तर गाठीचं शेपूट, म्हणजे बाहेर लोंबतं सोडलेलं टोक, एकदा ओढलं की जनावर मोकळं झालं पाहिजे. ओझं कितीही असो, ती सुटत नाही. शेपूट ओढलं तर मात्र तान्हं पोरदेखील सोडवील.

वर्षभर काही झालं नाही. पुढच्या मे महिन्यात कऱ्हाटीला आमच्या विहिरीला पाणी लागलं. माझे वडील सावळाराम तीन वर्षं ती विहीर खणत होते. साठ फुटांवर गुडघाभर पाणी आलं आणि त्यांचा निरोप आला, पूजेला ये, आणि येताना फोटोवाल्याला घेऊन ये. मी, कुंडलिक आणि अर्थात आबा, असे तिघं एस.टी.नं गेलो.

पूजा झाली. खाली पाण्यात माझा भाऊ संदेश आणि खोदणारे गडी उभे राहिले. वरून त्यांचा फोटो घ्यायचा होता. कुंडलिक काठावर वाकला, कॅमेरा गळ्यात लोंबता सोडला आणि दोन्ही हातांनी खालच्यांना "जवळ जवळ व्हा" म्हणून खुणा करायला लागला. मी त्याच्या शेजारीच उभी होते.

आता माझी खोड सांगते. कपड्याला लोंबता दोरा दिसला की माझा हात जातोच. कुणाच्या लग्नात, देवळात, बाजारात, माणूस ओळखीचं असो वा नसो, मी दोरा ओढून टाकते. वीस वर्षं शिवण केल्यावर हात विचारत नाही. कुंडलिकच्या कॅमेऱ्याच्या डाव्या कडीपाशी बोटभर दोरीचं टोक लोंबत होतं. मी ते ओढलं.

गाठ लोण्यासारखी सुटली. दोरी कडीतून सर्रकन निघाली, कॅमेरा खाली गेला आणि त्याच्या ओढीनं पट्टा कुंडलिकच्या मानेवरून घसरून निघून आला. माझ्या मुठीत दोरीचं टोक तसंच होतं, म्हणून पट्टा माझ्या हाताला हिसका देऊन थांबला. खाली दोन-अडीच हातांवर, उजव्या कडीच्या एकट्या गाठीवर कॅमेरा विहिरीत लोंबकळत होता.

मी वर खेचायला लागले तोच आबा ओरडले, "हलू नगं पोरी! हाय तशी ऱ्हा!"

ते काठी टाकून पालथे पडले आणि काठावरून खाली बघायला लागले. "वज्जन हाय तवर गाठ सुटायची न्हाय," ते म्हणाले. "पर तिचं शेपूट दगडाला घासतंय. कपारीत अडाकलं आन तू वर वडलं की संपलं. कुंडलिक, माजं पाय धर."

कुंडलिकनं पाय धरले. सत्तरीचा म्हातारा कमरेपर्यंत विहिरीत झुकला. मी दोरी धरून उभी, बोटांना रग लागलेली. खाली संदेश आणि गडी भिंतीला चिकटून उभे राहिले होते, वर बघत. मग आबांचा आवाज आला, "घावला." दोन्ही हातांत कॅमेरा धरून ते मागं सरकले आणि छातीशी घेऊन तसेच मातीत बसले.

जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं. कुंडलिक हसत होता आणि डोळे पुसत होता. त्यानं बापाच्या हातातून कॅमेरा घेतला, उलटसुलट करून बघितला, एक खटका दाबला. चालू होता. आणि मग सगळ्यांचा मोर्चा माझ्याकडे वळला. काय पोरीची चलाखी! पडत्या कॅमेऱ्याचा पट्टा वरच्या वर धरला! वडिलांनी पाठीवर हात ठेवला, आईनं ओटी भरली, जेवताना पुरणपोळीवर तूप वाढताना वाढपीण म्हणाली, "हिला मोठी धार." आणि मी, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी, मूग गिळून ती पोळी खाल्ली. माहेरच्या पंगतीत बसून "मीच सोडला कॅमेरा" असं सांगायची माझी छाती झाली नाही.

आबा जेवले नाहीत. लिंबाखाली बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "माजी गाठ सुटली, अनिता. सत्तर वरसात पयल्यांदा."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "हुतं असं कधीमधी, आबा." स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

दुसऱ्याच दिवशी कुंडलिक पट्टा घेऊन आला. या खेपेला गाठच नको असं आम्ही ठरवलं. दोन्ही बाजूंना दोरी दुहेरी करून तिचा फास कडीतून ओवला आणि दोरीची टोकं त्या फासातून काढून घट्ट आवळली. त्यामुळे कडीपाशी टोक म्हणून राहिलंच नाही. दोरीची दोन्ही टोकं पट्टीच्या घडीत आत घेतली, भाजून चिकटवली आणि वरून चौकोन-फुली शिवली, दोनदा. मग तसाच एक नमुना शिवून त्याला पाण्यानं भरलेली कळशी अडकवून दुकानासमोरच्या बाभळीला दिवसभर टांगली. स्टँडवरचे लोक विचारत होते, ही कुठली पूजा? संध्याकाळी उतरवली तर शिलाईचा एक टाकाही ताणला नव्हता. आबा बघायला आले नाहीत. कुंडलिक तेव्हापासून एकटाच कामाला जायला लागला. ज्यांची त्याला लाज वाटायची ते आबा आता मागं नव्हते, तर तोच वळून वळून मागं बघायचा.

चौथ्या दिवशी सारजाकाकू, आबांच्या मालकीण, ब्लाउजचं माप द्यायचं निमित्त करून आल्या. माप देता देता डोळ्यांना पदर लावला.

"काय झालं, काकू?"

"शेरडी मला बांधाय सांगत्यात गं. म्हणत्यात, माज्या हाताचा आता भरवसा न्हाय. लगीन झाल्यापासनं म्या कंदी दावं हातात घेतलं न्हाय. हे माणूस असं बसून ऱ्हायलं तर किती दिस जगंल?"

माझ्या हातातली टेप तशीच राहिली. दुकान उघडं टाकून, पायात चप्पलसुद्धा न घालता मी त्यांच्या घरी गेले. आबा ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं.

"आबा, तुमची गाठ सुटली न्हाय. म्या वडली. टोक लोंबताना दिसलं आन म्या वडलं. मला पंगतीत तूप वाढलं, आन मी गप ऱ्हायले. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

मला वाटलं आता काठी उचलतात. मला ती खायचीच होती.

"शेपूट वडलं तू?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"एकदाच वडलं?"

"एकदाच."

"आन सुटली? लगीच? कुटं अडाकली न्हाय?"

"न्हाय आबा. लगीच सुटली."

"आन दुसरीवर एवढा कॅमेरा लोंबत हुता, ती सुटली न्हाय."

"न्हाय."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मला सांगता येणार नाही. चार दिवसांचं ओझं कुणीतरी उतरवून ठेवावं तसा तो माणूस सरळ झाला. "मंग बरुबर हुती की गं माजी गाठ!" ते म्हणाले, आणि सारजाकाकूंना हाक मारून पुन्हा एकदा मोठ्यानं तेच सांगितलं. माझ्यावर रागवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

ते उठले, शेळीचं दावं खुंट्यावरून सोडलं आणि न बघता, माझ्याकडे तोंड करून बोलत बोलत, एका हातानं पुन्हा बांधलं. मग एक पाऊल मागं सरकले.

"वड," ते म्हणाले.

मी शेपूट ओढलं. दावं गळून पडलं. शेळीनं एकदा आमच्याकडे बघितलं आणि सरळ शेजाऱ्याच्या कडब्याकडे निघाली. सारजाकाकू "धरा, धरा" करत होत्या, पण आबांना हसू आवरत नव्हतं, आणि मी तिथंच ओट्यावर बसून पोटभर रडून घेतलं.