धातूभोवतीची काळी रेघ

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. अप्पा, म्हणजे माझे वडील, यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत होते. छापून आलेले गठ्ठे घरात आणायचे आणि मला जोरात वाचायला लावायचे. त्यातलं एक वाक्य त्यांनी स्वतः लिहिलेलं: 'कामगार जमिनीवर बसलेले असताना जो खुर्चीवर बसतो, तो आपला नव्हे.' मी या वाक्यावर वाढले. यासाठी शाळेत बाईंशीही भांडले.

गेल्या वर्षी अप्पांचा खुब्याचा सांधा बदलला. डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून समजावलं. मांडीच्या हाडात धातूचा दांडा बसवलाय, सिमेंट न वापरता. त्याच्या खरखरीत अंगात हळूहळू हाडच वाढेल आणि त्याला धरून ठेवेल. तोवर वॉकर सोडायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही.

"मोर्च्यात चालता येईल का?" अप्पांनी एवढंच विचारलं.

"हाडानं धरलं, तर येईल."

थोड्याच दिवसांत पत्र्याच्या शेडमध्ये सभा होती. मी घरून प्लास्टिकची खुर्ची नेली. अप्पांसोबत उभा जन्म माग चालवलेले शेजारचे काका जाजमावरून ओरडले, "या मालक! खुर्ची आली, आता मजुरी बी वाढवा की!"

सगळे हसले. अप्पाही हसले. मग वॉकर बाजूला सारून, काकांच्या खांद्याचा आधार घेत खाली बसले. मांडी घालून.

घरी आल्यावर मी चिडले. "ते वाक्य धडधाकट माणसासाठी होतं, अप्पा."

"तसं लिवलंय का कुटं?"

पुढच्या प्रत्येक सभेत ते खालीच बसले.

मग मांडी ठणकू लागली. नव्या एक्स-रेत धातू तसाच पांढराशुभ्र होता, पण त्याच्या कडेनं एक बारीक काळी रेघ आली होती. जुना फोटो शेजारी लावला, तर दांडा किंचित खाली सरकलेला. हाडानं धरलंच नव्हतं.

"खाली बसत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय. बसलो की."

"कारण तेवढंच असेल असं नाही," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. पुन्हा शस्त्रक्रिया करावी, तर अप्पांचं हृदय आता भूल सोसणार नव्हतं. अप्पांसाठी मोर्चा संपला होता.

आता सभा आमच्याच घरी भरते. पहिल्यांदा भरली तेव्हा बाहेरच्या खोलीत जाजम अंथरलं. काका म्हणाले, "तू वर बस रं, कोन काय म्हनत न्हाय." अप्पांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "माजी खुर्ची आत घे. दाराआड."

मी घेतली. बाहेर घोषणा सुरू झाली. सगळ्यांचं 'जिंदाबाद' म्हणून झाल्यावर, क्षणभरानं, दारामागून एकट्याचं आलं.