सुभेदार तात्यांचा जबाब

कमरेला पिस्तूल लावलेला माणूस शेजारी येऊन बसला, की सुभेदार तात्या आपली खुर्ची उचलून दुसरीकडं मांडत. मग तो आमदाराचा माणूस असो की नात्यातला. "नळी कुणाकडं हाय ते आधी बघायचं, माणूस मागनं," ते म्हणायचे. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून ते जळकोटात माझे शेजारी झाले. पराक्रम ऐकायला आलेल्यांना ते बटाटे सोलण्याच्या गोष्टी सांगत.

एका दसऱ्याला गावातल्या पुढाऱ्यानं आम्हाला शस्त्रपूजेला बोलावलं. पाटावर विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरची किल्ली आणि मधोमध हार घातलेलं नवं कोरं पिस्तूल. समोर निरांजन घेऊन घरच्या सुना. तात्यांनी हार बाजूला केला, पिस्तूल भिंतीकडं वळवलं, मॅगझिन काढलं आणि वरचा भाग मागं ओढला. आत राहिलेली गोळी उडून हळदी-कुंकवाच्या ताटात पडली.

"अहो तात्या, पूजेला रिकामं कसं ठेवायचं? बरं दिसत न्हाय," पुढारी म्हणाले.

"ओटी भरायची तर खणानारळानं भरा की."

तात्यांना मूल नव्हतं. धाकटा भाऊ लवकर गेला, त्याच्या बळीरामला त्यांनीच वाढवलं. बळीराम कष्टाळू, प्रेमळ आणि भडक डोक्याचा. त्याला पुढाऱ्यांच्या अंगरक्षकांकडं असते तसली, भराभर गोळ्या सोडणारी बंदूक हवी होती. ती सामान्य माणसाला मिळत नाही हे कळल्यावर तो पिस्तुलावर उतरला. अर्जात कारण लिहिलं, रानडुकरं.

"गुंडांकडं असत्यात, तात्या. आमीच का हात चोळत बसायचं?"

"फौजेत बंदूक माझी नव्हती, बळ्या. सही करून घ्यायची, सही करून ठेवायची. एक गोळी कमी निघाली तर सगळी पलटण गुडघ्यावर बसून शोधायची. तुझी कमी निघाली तर कोण शोधंल?"

पोलीस चौकशीला आले. आम्ही शेजाऱ्यांनी सांगितलं, अर्जदार शांत स्वभावाचा आहे. अशा जबाबात आपल्याकडं सगळेच शांत असतात. मीही तशीच सही केली. तात्यांची पाळी आली. "पोरगा लई गुणाचा हाय," ते म्हणाले, "पण राग आला की त्याला माणूस दिसत न्हाय. लिहा तसंच."

परवाना मिळाला नाही. "सख्ख्या चुलत्यानं माझी इज्जत घालवली," म्हणून बळीरामनं बोलणं सोडलं, ते तीन वर्षं. तात्या शेताकडं रोज त्याच्याच दारावरून जात. तिथं आलं की त्यांना हमखास खोकला यायचा. दार उघडत नसे.

या तीन वर्षांत बळीरामचं कुणाशी मोठं भांडण झालं नाही. तात्यांचं बरोबर होतं असं दाखवणारं काहीच घडलं नाही. घडू नये म्हणून केलेल्या कामाला तो पुरावा कधीच मिळत नसतो.

शेवटी तात्यांना धाराशिवच्या दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तर बळीराम उशाशी बसून त्यांना चमच्यानं पेज भरवत होता. नजर मात्र वाटीतच.

"अजून राग हाय का रं?" तात्यांनी विचारलं.

"हाय."

"मग बरं केलं म्या."

बळीरामचा चमचा हवेत थांबला. तो हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "आ करा," तो म्हणाला. तात्यांनी मुकाट्यानं आ केला.

तिसऱ्या दिवशी ते गेले. तोवर त्यांना पेज दुसऱ्या कुणाच्या हातची चालली नाही.